तेज चढलेलं सोनं

अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात, तलावाच्या पाळीवर मंडप पडला आणि तीन गावांच्या बायका अंगावरचं सोनं पदरात बांधून रांगेत उभ्या राहिल्या. कांचनबाबा सोन्यावर तेज चढवायचा. वजन तेवढंच राही, किंमत मात्र वाढे.

सकाळी त्याचा चेला गुलशन फोनवरचा भाव सगळ्यांना दाखवी : तोळ्याला एक लाख. मग हळदीचं पाणी, धूप, मंत्र. दुपारी पुन्हा फोन : एक लाख वीस हजार. बाबा डोळे मिटून म्हणे, "सोने ने प्रसाद खाया है, बेटी." वाढीतला अर्धा वाटा तेवढा रोख दक्षिणा. सोनं जसंच्या तसं परत मिळत असल्याने कुणाला शंकाही येत नव्हती. मी गावच्या शाळेत गणित शिकवतो. मी घरी बसून हसलो, आणि त्याची मला आज लाज वाटते.

दुर्पताबाईंनी बारा वर्षं तेंदूपत्त्याच्या मजुरीतून दोन तोळ्यांची पोत केली होती. नवरा बिसराम हृदयाच्या झडपेच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला. नागपूरच्या दवाखान्याने दोन लाख मागितले होते. घरात रोख वीस हजार होते. पोतीची किंमत चाळीस हजारांनी वाढली, म्हणून बाईंनी ते वीस हजार बाबाच्या पायाशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या सराफाने पोत घासली, तोलली आणि एक लाख ऐंशी हजार दिले. दवाखान्याला वीस हजार कमी पडले. ऑपरेशनची तारीख गेली.

हे कळल्यावर मी मंडपात जाऊन बसलो आणि गुलशन दुपारी फोनवर काय उघडतो ते नीट पाहिलं. पुढच्या सकाळी त्याने एक लाखाचा भाव दाखवला, तेव्हा मी उठलो आणि तो दुपारी दाखवायचा ते पान माझ्या फोनवर तिथेच उघडून बायकांपुढे धरलं. एक लाख वीस हजार.

"माझी अंगठी अजून खिशात आहे," मी म्हटलं. "तिला ना हळद लागली, ना मंत्र. मग तिच्यावर तेज कुणी चढवलं?"

गुलशनने घाईने फोन खिशात घातला.

मी समजावून सांगितलं. सकाळचं पान शुद्ध सोन्याच्या घाऊक भावाचं. दुपारचं पान दागिन्यांच्या दुकानाचं. त्यात जीएसटी, घडणावळ, दुकानदाराचा नफा सगळं धरलेलं. हे सगळं घेणाऱ्याने भरायचं असतं, विकणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. उलट दागिन्यातल्या भेसळीची आणि वितळवण्याची घट कापली जाते.

संध्याकाळपर्यंत बाबा गाडीत बसून निघून गेला. ठाण्यात तक्रार दिली आहे, पण पैसे आलेले नाहीत.

दुर्पताबाईंना मी विचारलं, दक्षिणा देण्याआधी एकदा सराफाला फोन का नाही केलात?

"सोनं मोडलं तं घर बुडते, असं आमी मानतो जी," त्या म्हणाल्या. "गावात कोनी मोडलंच नाई. मंग घेवाचा भाव येगळा न विकाचा येगळा, हे आमाले सांगन कोन?"

मी आणि शेजाऱ्यांनी वीस हजार जमवून दवाखान्यात नवी तारीख घेतली. तिच्या चार दिवस आधी बिसराम गेला.

म्हणून हात जोडून सांगतो. कुणी तुमच्या वस्तूची किंमत वाढवून दिली, तर पाया पडण्याआधी त्याला एवढंच विचारा : त्या किमतीला तू स्वतः आत्ता विकत घेशील का? मंडपात तीन गावं बसली होती. हे एकानेही विचारलं नाही, आणि मी तर तेव्हा मंडपात गेलोही नव्हतो.