टवका उडालेला हिरा

हिऱ्याचा टवका उडतो तेव्हा आवाज होतो तो जेमतेम नखावर नख टिचकावल्याएवढा. पण भिंगकाकांना तो भरलेलं कपाट कोसळावं तसा ऐकू आला. हिरा धरून ठेवायला अंगठीला सोन्याची चार नखं होती. तीन बसली होती आणि चौथं दाबताना हिऱ्याच्या कडेचा तीळभर तुकडा उडाला. कुठे गेला ते कळलंही नाही.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. निदान काका तसं सांगत असत आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकलेलं होतं. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. हिरे बसवणं हा त्यांचा धंदा आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगणं ही हौस. गल्ल्यावर बसणारी लेक वैतागून म्हणायची, "बाबा, लोकांना पावती हवी असते, शिकवणी नको."

हा हिरा ड्रॉइंग मास्तरांचा होता. शाळेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांची बायको गेल्या वर्षी आजारपणात गेली. तिची अंगठी आणि एक सुटा हिरा घेऊन ते आले होते. अंगठीत आजवर काच होती, कारण "पुढच्या वर्षी खरा हिरा बसवू" असं मास्तर तिला दरवर्षी म्हणत राहिले होते. हिरा टेबलावर ठेवताना त्यांनी एवढंच सांगितलं, की हा खाणीतला नाही, प्रयोगशाळेत वाढवलेला आहे.

झालं. काकांना तेवढंच पुरे होतं. दोन्ही हिरे कार्बनचेच, त्यांनी समजावलं, सारखेच कठीण आणि सारखेच चमकणारे. नुसत्या डोळ्यांनी, अगदी भिंगातूनही फरक सांगतो म्हणणारा थापा मारतो असं समजा. जमिनीच्या पोटातल्या हिऱ्याला युगं लागतात, यंत्रातल्याला काही आठवडे. खरा फरक कळतो तो विकायला गेल्यावर. खाणीतल्याचे थोडे तरी पैसे हातात येतात, वाढवलेल्याला कुत्रं विचारत नाही, कारण उद्या तसाच दुसरा आणखी स्वस्तात तयार होणार असतो. लेकीचं म्हणणं वेगळं होतं. ज्याला विकायचाच नाही, हौसेने घालायचा आहे, त्याने त्याच पैशात मोठा हिरा का घेऊ नये? बापलेकीची ही जुगलबंदी मास्तर पहिल्या बाकावरच्या गुणी मुलासारखे ऐकत होते.

मग काकांनी तपासणीचं छोटं यंत्र काढलं. त्याच्या टोकाखाली खाणीतला हिरा धरला की हिरवा दिवा लागे, वाढवलेला धरला की तांबडा. मास्तरांच्या हिऱ्याला तांबडा लागला.

"नापास," काका हसत म्हणाले. लेकीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

मास्तर रागावले नाहीत. "विकायचा नाहीये," एवढंच म्हणाले आणि गेले.

आणि आता त्याच हिऱ्याची कड तुटली होती. काकांनी उठून आपल्याजवळची एक पुडी उलगडली. तिच्यात त्याच मापाचा हिरा निघाला, तोही खाणीतला. तोच बसवावा, त्यांच्या मनाने घेतलं. मास्तरांना सांगायचं तरी कशाला? बिचाऱ्याचा फायदाच होतोय. आपलं नाकही शाबूत राहील. चूक झाकायची आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं, असा सौदा रोज थोडाच मिळतो. लेकीलाही त्यांनी कळू दिलं नाही. टवका उडालेला हिरा फुटक्या हिऱ्यांच्या डबीत टाकला. डबी भरली की ती पॉलिशवाल्याकडे जायची, तो त्यांची भुकटी करायचा.

मास्तर अंगठी न्यायला आले. ती त्यांच्या करंगळीत बरोबर बसली. हात उजेडात धरून ते पुटपुटले, "आलीस एकदाची."

"अंगठीशी बोलताय होय, मास्तरकाका?" लेकीने हसून विचारलं.

मास्तर ओशाळले. मग त्यांनी सांगितलं. औषधांनी केस गळतील असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बायकोने स्वतःच वेणी कापली होती. गळून जाण्यापेक्षा मीच काढून ठेवते, म्हणाली आणि कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. ती गेल्यावर मास्तरांना कुठूनसं कळलं, की केसांतला कार्बन काढून त्याचा हिरा वाढवून देणारे लोक असतात.

"त्या दिवशी सांगणारच होतो," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही इतकं छान शिकवत होता. शिकवणाऱ्याला मध्येच तोडू नये."

लेक काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण भिंगकाकांच्या कानांत फक्त तो आवाज होता, नखावर नख टिचकावल्याएवढा. समोर मास्तर एका परक्या दगडावरून हळुवार अंगठा फिरवत होते. गप्प बसलं असतं तर कोणाला कधीच कळलं नसतं.

"मास्तर, ती अंगठी काढा," काका म्हणाले. "त्यात त्या नाहीत."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेक बापाकडे बघतच राहिली. मास्तरांनी अंगठी काढून टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. कसं झालं, का केलं, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही.

"मग ती कुठे आहे?"

काकांनी डबी पांढऱ्या कागदावर उपडी केली. मूठभर फुटके हिरे पसरले. सगळे सारख्याच मापाचे आणि प्रत्येकाची कड कुठे ना कुठे तुटलेली. काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि खाली सोडून दिलं. भिंगातूनही कळत नाही, हे त्यांनीच तर शिकवलं होतं.

लेकीने यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

पहिल्याला हिरवा दिवा लागला. दुसऱ्यालाही हिरवा. डबीतला बाकी सगळा माल खाणीतला होता. एरवी काकांनी ते अभिमानाने सांगितलं असतं, आता प्रत्येक हिरवा दिवा लागताच ते तो हिरा बाजूला सारून पुढचा उचलत होते. मास्तर टेबल घट्ट धरून उभे होते. कागदावरचे हिरे संपत आले आणि काकांच्या मनात आलं, की आपण तो दुसरीकडेच कुठे तर टाकला नाही ना.

तांबडा लागला.

लेकीने तोंडावर हात धरला होता. मास्तरांनी तळहात पुढे केला आणि काकांनी हिरा अलगद त्यावर ठेवला.

जरा वेळाने काका म्हणाले, की भरपाई म्हणून तो खाणीतला हिराही मास्तरांनी ठेवून घ्यावा, तो जास्त मोलाचा आहे.

"मी काय करू त्याचं?" मास्तर म्हणाले. "तो आमचा कोणीच नाही."

काकांनी मान खाली घातली. अंगठीतला हिरा सोडवून पुडीत ठेवला. मग हळूच म्हणाले, "टवका नखाखाली घेतो. झाकला जाईल, कोणाला दिसणार नाही."

"नको. शेवटी शेवटी ती घरातसुद्धा डोक्याला रुमाल बांधायची, माझ्यापासूनही लपवायची." मास्तर थांबले. "आता काही झाकू नका."

त्यांनी इथेच बसून बघू का, असं विचारलं. लेकीने स्टूल आणून टेबलाशी ठेवलं. काकांनी हिरा असा बसवला, की टवका दोन नखांच्या मधोमध, उघड्यावर राहील. एरवी बघणारा कोणी असला की त्यांची जीभ थांबत नसे, आज ते एक शब्दही बोलले नाहीत. चौथं नख दाबायची वेळ आली तेव्हा तिघांनीही श्वास रोखून धरला होता.