लसणाची मूठ

गुरुवारच्या बाजाराहून परतताना एवारिस्तो म्हाताऱ्याला गाडीत झोप लागली आणि त्याचं डोकं शेजारी बसलेल्या, त्यांच्याच घरी राहणाऱ्या परदेशी मारितच्या खांद्यावर कलंडलं. घडलं ते एवढंच. शनिवारी तो अंथरुणाला खिळला. रविवारी सकाळी त्याच्या बायकोनं, निकासियानं, त्याचा सदरा वर करून पाहिला, तर बेंबीखाली बोटभर लांब लाल रेघ. पट्ट्याचा वळ असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण पट्टा तो चाळीस वर्षं बांधत होता आणि वळ आजच उठला होता.

तिनं सदरा खाली ओढला.

पठारावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खारिसिरी घर फोडून येत नाही. तो गाडीत शेजारी येऊन बसतो, माणसाला गुंगी आणतो आणि पोटातली चरबी काढून नेतो. माणूस जागा होतो, घरी येतो, दोन दिवस हसतो-बोलतो आणि मग वातीसारखा विझत जातो. खारिसिरी कुणाच्याही रूपात येतो, पण परक्याच्या जास्त. आणि त्याला लसूण सोसत नाही.

मारितलाही लसूण सोसत नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी ती आली तेव्हा प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर पाद्री बोनिफासिओनं तिचा गोरा हात निकासियाच्या हातात दिला होता. "समुद्रापलीकडून पोरांना शिकवायला आलीय. वर्षभर ही तुझी लेक," तो म्हणाला होता. "हो," निकासिया म्हणाली होती. देवाच्या घरात दुसरं काय म्हणणार. पहिल्याच जेवणाला पोरीनं वाडगा बाजूला सारला आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, "लसूण नको. लहानपणापासून. पोट वाईट होतं." निकासिया हसली होती. "अगं, उंदराचं पोट घेऊन आलीस की काय?" तेव्हापासून ती सूप बिनलसणाचं करायची. ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. एवारिस्तोला माहीत होती, पण तो आता बोलण्याच्या पलीकडे होता.

आणि पाद्री शहरात गेलेला, बुधवारशिवाय यायचा नव्हता.

दुपारी निकासिया चुलीशी बसून बटाटे सोलत होती, तोच दारात सावल्या पडल्या. शेजारची फोर्तुनाता पुढे, तिच्या मागे गावचा मुखिया सेबेरो, हातात त्याची चांदीच्या टोकाची काठी. अंगणाच्या भिंतीशी आणखी सात-आठ माणसं उभी होती. आत कुणी आलं नाही, परत कुणी गेलं नाही.

"म्हातारा कसा आहे?" सेबेरोनं विचारलं.

"वारं बाधलंय."

"वारं," फोर्तुनाता म्हणाली. तिच्या गालात कोकाच्या पानांचा तोबरा होता. "तुम्ही प्रार्थनाघरातली माणसं पान चघळत नाही, दारू पीत नाही, आणि वाऱ्यानं मरता होय? अगं, मी त्याच गाडीत होते. तुझा म्हातारा तिच्या खांद्यावर घोरत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. डोळ्याची पापणी हलेल तर शपथ."

"झोपलेल्या म्हाताऱ्याखाली पापणी हलवून काय करायचं होतं तिनं?"

भिंतीपाशी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

सेबेरोनं काठी जमिनीवर टेकवली. "निकासियाताई, मला तुझ्याशी वैर नाही. पण लोक मला झोपू देत नाहीत. तिला आमच्यासमोर लसूण खाऊ दे. खाल्ला तर मी सगळ्यांना घरी पाठवतो."

"आणि नाही खाल्ला तर?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. टेकडीपलीकडच्या गावात एका लोकरीच्या व्यापाऱ्याला अशाच संशयावरून शाळेत कोंडलं होतं. पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. त्याचं खेचर मात्र अजून त्या गावात ओझी वाहतं.

"मी उकळते सूप," निकासिया म्हणाली. "तिला बोलावून आणते."

मारितच्या खोलीचं दार तिनं ढकललं. पोर खाटेच्या कडेला बसली होती, अंगात कोट, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. पांघरुणावर चिखलाचे डाग होते, म्हणजे ती बूट घालूनच झोपत होती. तिला सगळं कळलं होतं. अंगणातली माणसं खिडकीतून दिसत होती.

"आई," ती म्हणाली, "मी काय केलं?"

निकासियानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. निळे डोळे, तळ नसलेल्या पाण्यासारखे. भ्यालेला माणूस बूट घालून झोपतो. पळून जायचा बेत असलेलाही तसाच झोपतो. कुठलं खरं, ते निकासियाला त्या डोळ्यांत सापडलं नाही.

"चल जेवायला," ती म्हणाली. "वाढीन ते खा."

चुलीपाशी फोर्तुनातानं कनवटीतून लसणाच्या चार पाकळ्या काढून पाट्यावर ठेवल्या. "माझ्या परसातला आहे. कडक."

निकासियानं दगडी पाट्यावर लसूण ठेचला. वास सगळ्या घरभर भिनला. तिनं लगदा मुठीत गोळा केला. आत नवरा कण्हला. हा कण्हण्याचा आवाज काल नव्हता. आता मूठ उघडली की झालं. पोरीनं वाडगा सारला, तर पुढचं गाव बघून घेईल, तिला काही करावं लागणार नाही. म्हातारा वाचला तर वाचला.

आणि आजार साधा वाऱ्याचाच असला तर?

तिनं ओल्या शेणी चुलीत सारल्या. धुराचा लोट उठला. फोर्तुनाता खोकत मागे सरली, सेबेरोनं टोपीनं डोळे झाकले. निकासियानं मूठ भांड्यावर धरली, झटकली, आणि दुसऱ्या हातानं पळी फिरवली.

मूठ तिनं उघडलीच नव्हती.

मारितपुढे वाडगा आला. काळे वाळवलेले बटाटे, जव, खारवलेल्या मांसाचा एक तुकडा. लसणाचा वास नाकात शिरताच पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं वाडग्याकडे पाहिलं, मग निकासियाकडे, मग निकासियाच्या मिटलेल्या मुठीकडे.

"खा, पोरी," सेबेरो म्हणाला. आवाज कठोर नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

मारितनं वाडगा उचलून तोंडाला लावला. एक घोट. थांबली. मग शेवटच्या जवापर्यंत सगळं संपवलं आणि हाताच्या पाठीनं ओठ पुसले. फोर्तुनाता वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू आता वांती होईल, आता डोळे फिरतील.

"अजून आहे?" मारितनं विचारलं.

अंगणातून हसू आलं, या वेळी मोकळं. सेबेरोनं टोपी घातली. "चला. बायामाणसांचं घर आहे, गर्दी कशाला."

फोर्तुनाता जाता जाता दारात थांबली. "म्हाताऱ्याला काही झालं, तर मी तुझ्याकडे येईन हो. तिच्याकडे नाही."

"ये," निकासिया म्हणाली.

पावलं लांब गेली. निकासिया उठून नवऱ्यापाशी जाऊन बसली. तळहाताच्या भेगांमध्ये लसूण विस्तवासारखा झोंबत होता. ती गावाशी खोटं बोलली होती, तेही जिच्याबद्दल तिला स्वतःलाच खात्री नव्हती त्या पोरीसाठी. उद्या हा माणूस गेला तर त्याला कुणी मारलं, या प्रश्नासोबत जगात ती एकटीच उरणार होती.

तिनं सदरा वर केला, मूठ उघडली आणि लगदा त्या लाल रेघेवर चोळायला लागली. एवारिस्तोनं डोळे उघडले नाहीत.

मारित आत आली. अंथरुणाच्या दुसऱ्या बाजूला बसली, ओलं फडकं पिळून म्हाताऱ्याच्या कपाळावर ठेवलं. लसणाचा वास तिच्या तोंडावर येत होता. ती मागे सरली नाही.

निकासियानं तिला ऊठ म्हटलं नाही. पण लसणाचा हात तिनं नवऱ्याच्या पोटावरून काढलाही नाही.