दात बघून घेतलेली डिग्री

मोरगावच्या बादशाह मुलाणीला चाळीस वर्षांच्या धंद्यात एकाही शेळीनं फसवलं नव्हतं आणि एकाही शेळीवाल्यानं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा. एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही जेजुरी यायच्या आत ही माहिती मिळालेली असायची. शेळीचा जबडा अंगठ्यानं उघडायचा, दात मोजायचे, पाठीवरून हात फिरवायचा, शेपटी उचलून मागची खात्री करायची आणि शेवटी मालकाच्या तोंडाकडं बघत राहायचं. "जनावर खोटं बोलत न्हाय, मालक बोलतो," असं म्हणून तो मालकाकडं इतका वेळ बघायचा की खरं बोलणाराही घाबरून दोनशे रुपये कमी करायचा.

म्हणून सरकारनं शेळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले मारायचा नियम काढला, तेव्हा बादशाहला तो स्वतःचा अपमान वाटला. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर. नंबर टाकला की शेळी कुणाची, लस कधी टोचली, सगळं पडद्यावर दिसणार. "मग मी हितं कशाला हाय? आकडं वाचायला?" असं त्यानं जनावरांच्या डॉक्टरला भर बाजारात विचारलं होतं. कऱ्हाटीच्या सिंधुबाई तर त्याच्याकडून शेळी घेताना दोरी धरायच्या आणि चालायला लागायच्या. "बादशाहभाईनं बघितलीय, मग मी आनि काय बघू?" हे वाक्य बादशाहला नफ्यापेक्षा गोड लागायचं.

अशा माणसानं पोरीसाठी डिग्री खरेदी करायची ठरवली, तर ती काय कुणाच्या सल्ल्यानं करणार होता?

मुबशिरा बारावी झाली तेव्हाची गोष्ट. पोरगी हुशार होती, पण मोरगावहून बारामतीचं कॉलेज रोज गाठायचं म्हणजे अर्धा जन्म एस्टीच्या खांबाला धरून जाणार. तेवढ्यात बादशाहला कळलं की हल्ली कॉलेज मोबाईलमध्येच येतं. तो तडक बारामतीला ऋषिराज सरांच्या ऑफिसात गेला. हे ऋषिराज सर काय शिकवायचे ते कुणालाच माहीत नव्हतं, पण ऑफिस काचेचं होतं. बादशाहनं सगळं नीट तपासलं. गारव्याची मशीन चालू होती. खुर्ची गोल फिरत होती. सरांचे दात बत्तीसच्या बत्तीस, पांढरे, एकही हललेला नाही. आणि पाण्याचा ग्लास आला तो वर झाकण घालून. झाकण घालून पाणी देणारा माणूस फसवणार नाही, असा बादशाहनं निकाल दिला. मग घासाघीस करून त्यानं तीन वर्षांची फी एकदम भरली आणि जग जिंकल्यासारखा घरी आला.

विद्यापीठ कुठल्या तरी लांबच्या राज्यात होतं. त्याच्या नावात ग्लोबलही होतं आणि इंटरनॅशनलही होतं. त्याला ऑनलाईन शिकवायची परवानगी कुणी दिली आहे का, एवढं फक्त विचारायचं राहिलं. शेळीचा जबडा उघडायचा सोडून गडी शेळीवाल्याचे दात मोजून आला होता.

पहिली परीक्षा घरातच झाली. मोबाईल डब्यांच्या उतरंडीवर उभा केला, कॅमेरा चालू केला, आणि परसातल्या नऊ शेळ्यांनी एकदमच तोंड उघडलं. बादशाह त्यांना पाला घालायला पळाला. वीस मिनिटं झाली नाहीत तोवर वीज गेली, पाठोपाठ टॉवर गेला, आणि मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरायला लागलं. चार प्रश्न झाले होते. मुबशिरा रडली. महिन्यानं निकाल आला: शंभरापैकी अठ्ठ्याहत्तर.

"वीज गेली तरी अठ्ठ्याहत्तर!" बादशाहनं बाजारभर सांगितलं. "वीज असती तर त्यास्नी शंभराच्या वर आकडा शोधावा लागला असता."

मुबशिरा त्या दिवशी काहीच बोलली नाही. पोरगी नम्र आहे, आईवर गेली आहे, असं त्याला वाटलं. पुढच्या जूनपासून ती दर रविवारी सकाळच्या एस्टीनं बारामतीला जायला लागली आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागली. क्लास आहे म्हणाली. कसला क्लास, हे बादशाहनं विचारलं नाही. डिग्रीची खरेदी त्याच्या बाजूनं केव्हाच पुरी झाली होती.

तीन वर्षं भरताच कुरिअरनं डिग्री आली. फ्रेम करूनच आली, वर प्रथम श्रेणी. बादशाहनं मोरगावच्या स्टँडवर फ्लेक्स लावला. त्यात मुबशिराचा फोटो होता, पण बादशाहचा जरा मोठा होता, कारण पैसे त्यानं दिले होते. डिग्री भिंतीवर चढली तरी पोरीची रविवारची बारामती काही सुटली नाही. बायको फरिदा एकदा म्हणाली, "डिग्री झाली, आता कशाला जाती म्हनून विचारा की." बादशाह म्हणाला, "हुशार मान्साला सवय लागती."

आणि खरंच, यंदा मुबशिरा इंदापूरच्या एका सरकारी कचेरीत लिपिकाच्या जागेसाठी निवड यादीत आली. दोन वर्षं अभ्यास केला होता तिनं. पुढची भरती कधी निघेल ते देवालाच ठाऊक होतं. कागदपत्रं तपासायला बोलावल्याचं पत्र आलं होतं, ते रविवारी सकाळी बादशाहच्या हाताला लागलं. पोरगी घरात नव्हती. त्यानं चष्मा लावून ते एकेक अक्षर दाबत वाचलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मुक्त, दूरस्थ अथवा ऑनलाईन पद्धतीने पदवी घेतली असल्यास, विद्यापीठास त्या वर्षासाठी मान्यता असल्याचा पुरावा सोबत आणावा.

बादशाहनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. त्यानं पत्र होतं तसं घडी करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऋषिराज सरांच्या दारात उभा राहिला.

"मान्यता?" सर हसले. सगळे दात जागच्या जागी होते. "काका, आपलं विद्यापीठ ए प्लस आहे." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. सोनेरी काठाच्या कागदावर कुठल्याशा आंतरराष्ट्रीय गुणवत्ता परिषदेचा शिक्का होता.

"ही परिषद असती कुठं?"

"ऑनलाईन."

"आन् आपल्या सरकारची मान्यता?"

"प्रोसेसमध्ये आहे."

"पाच वर्सं झाली की वो!"

"मोठ्या कामांना वेळ लागतोच ना, काका." सरांनी त्या कागदाची रंगीत झेरॉक्स काढून दिली. झाकण घातलेला ग्लासही आला. बादशाहनं त्याला हात लावला नाही. आपण फसलो, हे त्याला त्या झाकणाकडं बघताना कळलं, आणि हे आता पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं, ते काही केल्या कळेना.

त्यानं सांगितलंच नाही. मंगळवारी तोही तिच्याबरोबर निघाला. मोरगाव ते बारामती आणि बारामती ते इंदापूर, दोन्ही एस्ट्यांत शेजाऱ्याशी तो एक शब्द बोलला नाही. मुबशिरानं दोनदा विचारलं, "अब्बा, बरं वाटत न्हाय का?" तो म्हणाला, "उसाचे ट्रॅक्टर बघतोय."

कचेरीत टेबलामागं सोनवणे साहेब होते, बुद्धघोष सोनवणे, तिशीतला शांत माणूस. मुबशिरानं फाईल उघडायच्या आतच बादशाहनं झेरॉक्स टेबलावर आपटली.

"साहेब, ए प्लस हाय! शिक्का बघा!"

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "काका, ही परिषद मला माहीत नाही. विद्यापीठाचा दर्जा ठरवणारी सरकारी व्यवस्था वेगळी असते, आणि ऑनलाईन शिकवायची परवानगी त्याहून वेगळी. ती त्या त्या वर्षाची लागते. यादी सगळ्यांना बघता येते." त्यांनी संगणकावर नाव टाकलं, खाली गेले, वर आले. "तुमचं हे विद्यापीठ यात नाही."

"म्हंजी डिग्री?"

"या कामासाठी तिचा उपयोग नाही."

बादशाह उभा होता तो खुर्चीत बसला. बाहेर रांगेत पंधरा पोरं ऐकत होती, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. "साहेब, चूक माजी हाय," तो म्हणाला. "पोरीला काय म्हाईत न्हाय. मी खरेदी केली. दात बघितलं, खुर्ची बघितली, आन् जे बघायचं तेवढं बघितलं न्हाय. फसलो मी. पायजे तर तसं लिहून देतो, अंगठाबी देतो. हिची जागा घालवू नका."

असं वाक्य त्याच्या तोंडून चाळीस वर्षांत निघालं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"अब्बा," मुबशिरा म्हणाली, "गप बसा जरा."

तिनं फाईल उघडून एक कागद साहेबांपुढं ठेवला. मुक्त विद्यापीठाची बी.कॉम., अभ्यासकेंद्र बारामती. मागं तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि मान्यतेचं पत्र, सगळं क्रमानं लावलेलं. एका गुणपत्रिकेत हिशेबशास्त्राला बेचाळीस होते. साहेबांनी नंबर टाकला, पडद्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. "हे बरोबर आहे. अर्जातही हेच लिहिलंय. ते दुसरं तुम्ही कशाला आणलं, काका?"

बादशाहनं झेरॉक्सची घडी घालून ती खिशात कोंबली.

स्टँडवर उसाचा रस पिताना पोरीनं सांगितलं. चार प्रश्न लिहून अठ्ठ्याहत्तर आले, तेव्हाच तिला संशय आला. तिनं यादी शोधली, विद्यापीठ सापडलं नाही. पुढच्या जूनमध्ये तिनं शिकवण्यांच्या पैशांतून मुक्त विद्यापीठात नाव घातलं. "दर रविवारी तितंच जात होते."

"आन् त्या ग्लोबलचं?"

"त्यांचा त्यानंतर एकबी पेपर दिला न्हाय मी. तरी पयला वर्ग आला."

बादशाहनं ग्लास खाली ठेवला. "मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी तवर सगळ्या बाजाराला सांगून बसला व्हता. बादशाह मुलाणीची खरेदी फसली, हे काय मी सांगू व्हय?"

त्याला भयंकर लाज वाटली, आणि त्याच वेळी या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. चाळीस वर्षांत त्याला दोघांनी फसवलं होतं, एक ऋषिराज सर आणि एक ही. पैकी एकीचा त्याला इतका अभिमान वाटला की त्यानं रसाचा दुसरा ग्लास मागवला. घरी गेल्यावर फ्रेम उतरवायची आणि विषय मिटवायचा, असं त्यानं ठरवलं. बाजारात बोभाटा करायची काही गरज नव्हती.

पण पुढच्या बाजारच्या दिवशी मोरगावच्या स्टँडवर नवा फ्लेक्स होता. 'आमची विद्यार्थिनी मुबशिरा मुलाणी शासकीय सेवेत! प्रवेश सुरू!' वर ऋषिराज सर सगळ्या दातांसकट, आणि खाली, जुन्या फ्लेक्सवरून उचललेला, बादशाहचा फोटो.

तो फोटो बघूनच सिंधुबाई आल्या होत्या. एका हातात पिशवी, पिशवीत लेकीची, मोनालीची, बारावीची गुणपत्रिका आणि सरांचं रंगीत पत्रक. "बादशाहभाई, एक शेळी द्या चांगली. आन् मग मी तशीच बारामतीला चाललीय. मोनालीला तुमच्या त्या सरांकडं घालते. फी भरायचीय आज."

"कुनाला इचारलं का?"

"इचारायचं काय? तुमी बघितलंय म्हंजी झालं की."

भोवती बाजार भरला होता. दोन जुने व्यापारी, चार गिऱ्हाइकं, बिल्ले मारायला आलेला डॉक्टर. बादशाहनं आवाज बारीक करायचा प्रयत्न केला, पण त्याला बारीक आवाजाची सवयच नव्हती.

"सिंधुबाई, मी फसलो."

"काय झालं?"

"फसलो म्हनतो! ती डिग्री खोटी हाय. पोरगी लागली ती दुसऱ्या डिग्रीवर, तिनं स्वतः बघून घेतलेल्या. त्या सराला एक रुपाया देऊ नका. रविवारी मोनालीला माज्या घरी पाठवा, मुबशिरा यादी दावंल तिला."

एक व्यापारी खदाखदा हसला, डॉक्टरही हसला, आणि बादशाहचे कान लाल झाले. सिंधुबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पत्रक पिशवीत कोंबलं आणि निवडलेल्या शेळीकडं वळल्या. दोरी हातात घेतली, पण चालायला लागल्या नाहीत. खाली वाकल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बादशाहच्या शेळीचं तोंड स्वतः उघडायला गेल्या. त्यांना ते जमेना. शेळी मान हिसकत होती.

बादशाहला ते फार लागलं. मग तो त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि शेळीचं डोकं धरलं.

"तसं न्हाय. अंगठा कडंनं आत घाला. हां, आता मोजा," तो म्हणाला. "आन् कानातला नंबरबी मोबाईलवर टाकून बघा. मी सांगतो म्हनून सोडू नका."