पाटावर मांडलेली गिटार

खंडेनवमीला ऑफिसातून घरी आले, तर हॉलमध्ये पाटावर सरांची गिटार! शेजारी माझा लॅपटॉप, किचनमधली सुरी, स्क्रू-ड्रायव्हर आणि सगळ्यांवर झेंडूची फुलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"आई, गिटार केसमधून काढलीस?"

"अगं, तुझं हत्यार ते. आजच्या दिवशी त्याला कुंकू नको?"

कुंकू तिने पाण्यात कालवून लावलं होतं. ते ओघळलं म्हणून सॅनिटायझरने पुसलं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल, आणि जुन्या गिटारींचं पॉलिश लाखेचं, अल्कोहोल लागलं की विरघळणारं. वाजवताना उजवा हात जिथे टेकतो, नेमका तिथे लालसर, चिकट डाग पडला होता आणि त्यात आईच्या अंगठ्याचा ठसा. तिथलं पॉलिश सरांच्या हाताने जन्मभर घासून गुळगुळीत झालेलं होतं. नवं पॉलिश कुणीही करून देईल. ती झीज कोण देणार? मी आईवर इतकी ओरडले की नागपूरच्या शाळेत पोरांना धाकात ठेवणारी, अमेरिकेत माझ्याकडे राहायला आलेली ती बाई मान खाली घालून फुलं वेचू लागली.

एव्हारिस्तो ओल्मेदो. बाकीचे विद्यार्थी त्यांना माएस्त्रो म्हणत, मी मात्र सर. दक्षिण स्पेनमधल्या एका न्हाव्याचा मुलगा. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना वेळ घालवायला दुकानात गिटार टांगलेली असे, तिच्यावर ते शिकले. पुढे पायाला भिंगरी लागली. गाव सोडलं, देश सोडला, शिकागोत संसार थाटला, पण घरी टिकले नाहीत. ज्या ज्या स्टेशनवर रात्र काढली त्याच्या नावाने एकेक लहानशी रचना लिहिली. सगळ्या मधेच उठून चालू लागल्यासारख्या संपतात. म्हातारपणी पाय थकले, तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलीकडे राहून आम्हाला शिकवू लागले. यंदाच्या वसंतात वारले.

दसऱ्याच्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. त्यांची मुलगी पिलार हिने त्यासाठी गिटार माझ्याकडे दिली होती. कार्यक्रम झाला की ती एका म्युझियमच्या काचेच्या कपाटात जाणार होती. मला ती हवी होती. उघड सांगते, फार हवी होती. स्वतःसाठी नाही, तरी निदान वाजती राहावी म्हणून. पण मागायची हिंमत झाली नव्हती, आणि आता तर कुठल्या तोंडाने मागणार?

दसऱ्याला सकाळपासून माझं कशातच लक्ष लागेना. स्केल्स वाजवायला घेतल्या, सोडल्या. चहा केला, तो गार झाला. वाजवताना डाग हाताखाली झाकला जाईल, नंतर केस बंद करून देऊन टाकावी, म्युझियमवाल्यांना काय कळतंय! हाही विचार केला.

"मी येते. चूक माझी, मी सांगेन," आई म्हणाली.

"तुला काय सांगता येणार? तिला मराठी येत नाही."

"तुला येतं ना?"

हॉलमागच्या खोलीत मी केस उघडली. पिलारने डागावरून बोट फिरवलं. साठीला आलेली बाई, काळा ड्रेस, वडिलांसारखंच धारदार नाक.

"हे कुणी केलं?"

आईने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पुढचं मी इंग्रजीत सांगत गेले: पूजा, कुंकू, सॅनिटायझर.

"पूजा?" पिलार म्हणाली. "लहानपणी मला हिला हात लावायची परवानगी नव्हती. ही दाराबाहेर पडली की बाबा गेले, एवढं कळायचं. म्हणून काचेत ठेवतेय. एकदाची एका जागी बसू दे."

मी हे आईला मराठीत सांगितलं. आई ताडकन म्हणाली, "तिला सांग, आम्हीपण बसवतो. पण एकच दिवस. दसऱ्याला हत्यार उचलायचंच असतं. कायमचं बसवलं तर त्याला पूजा नाही म्हणत."

"आई, प्लीज यार, आत्ता नको."

"सांग तू."

सांगितलं. मला जे मागायचं होतं तेच मी आईच्या नावावर मागत होते. पिलार उठून बाहेर निघून गेली.

मी वाजवलं. बाही डागाला चिकटत होती. हात उचलला की चर्र होई. रागात, घाईत, ज्यासाठी सर नेहमी दटावत तसंच वाजवलं, आणि त्या अर्धवट उठून जाणाऱ्या रचनांना पहिल्यांदाच ते शोभलं. टाळ्या झाल्या. लोक गेले. बाहेर अंधार पडला होता.

पिलार स्टेजवर आली. मी केस पुढे केली. तिने ती घेतली नाही. माझ्या खुर्चीत बसली आणि नुसते हात पुढे केले. मी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिचा हात त्या डागावर टेकला, चिकटला, तिने काढला नाही.

"म्युझियमला मी उद्या नकार कळवते," ती म्हणाली. "तुलाही देणार नाही मी ही."

मी रिकामी केस मिटली.

"घरी येऊन शिकवशील? मला काहीच येत नाही."

मला रडू आलं आणि रागही आला. जी वस्तू मी मागितलीही नव्हती, ती हातची गेली होती. आणि तरी, ती वाजणार होती. आधी सा रे ग मसुद्धा धड वाजणार नाही, पण वाजणार होती. तिने डावा हात तारांवर ठेवला. लाल रंगवलेली लांब नखं.

"आधी डाव्या हाताची नखं कापायला लागतील," मी बोटांनी कापायची खूण करत म्हणाले. "नाहीतर तार दाबलीच जाणार नाही."

"आत्ता?"

मी आईकडे पाहिलं. दिवेलागणीनंतर घरात कुणाला नखं कापू न देणारी माझी आई माझ्या बॅगेत हात घालून नेलकटर शोधत होती.