हरकत नाही ना? टिंग!

मी घंटी बोलतेय. व्हरांड्यात टांगलेली, रावजी शिपाई तासातासाला बडवतो ती नव्हे. ती लोखंडी, जाडजूड आणि वेळापत्रकाची गुलाम. मी हेडसरांच्या टेबलावरची, पितळेची, वाटी पालथी घालावी तशी. डोक्यावर एक बोंड आहे. ते दाबलं की पोटातला हातोडा उडतो आणि मी 'टिंग' करते. स्वभावच माझा उतावळा. घटकाभर कुणी हात लावला नाही की मला चैन पडत नाही. आताही हे सांगताना मध्येच वाजावंसं वाटतंय, पण तुम्ही ऐकून घेताय तर मीही आवरते.

माझं पितळ कुठं ओतलं गेलं ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती सोलापुरात, नवी पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात, शाईच्या दौतींशेजारी. येणारा-जाणारा मला एकदा दाबून बघायचा आणि दौत घेऊन निघून जायचा. एकाहत्तर सालच्या जूनमध्ये चार शिक्षक आले. त्यांच्या शाळेत ईश्वरप्पा कोनापुरे सर नुकतेच हेडमास्तर झाले होते आणि त्यांना काहीतरी भेट द्यायची होती. एकाला पेन पसंत होतं, दुसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ. ड्रिलच्या हिंदुराव सरांनी मला तीनदा वाजवलं आणि म्हणाले, "ही घ्या की. हिला रुबाब हाय."

म्हणजे बघा, मला शाळेत आणलं ते शिक्षकांनीच. पुढं तीच माणसं माझ्याकडे डोळे वटारून बघायची, त्याला मी काय करणार?

शनिवारी सकाळची शाळा असायची. मुलं सुटली की हेडसरांच्या खोलीत स्टाफ मीटिंग. पोटात कावळे ओरडत असायचे, हिंदुराव सरांना वैरागची एस.टी. गाठायची असायची, बायकांना घरचा स्वयंपाक दिसत असायचा. कोनापुरे सर कागदावरचे विषय एकेक करून वाचायचे. विषय वाचून झाला की मान वर न करता म्हणायचे, "कुणाला काही विचारायचंय? कुणाची हरकत नाही ना?" त्यातला शेवटचा 'ना' पुरता ओठाबाहेर पडायच्या आत त्यांचा हात माझ्या डोक्यावर. टिंग! पुढचा विषय.

वीस मिनिटांत नऊ विषय उरकायचे. मीटिंगच्या वहीत प्रत्येक विषयापुढे 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं असायचं. ते शब्द सर क्लार्ककडून शुक्रवारीच लिहून घ्यायचे, हे मला माहीत होतं, कारण वही माझ्याच शेजारी असायची. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट अभिमान होता. बारा-पंधरा शिकली-सवरलेली माणसं माझ्या एका आवाजाला गप्प बसतात, हे काय थोडं झालं?

सर माणूस वाईट नव्हते, हे आधी सांगते. पांढरं धोतर, कपाळावर भस्माची पट्टी, शाळेत यायला कधी एक मिनिट उशीर नाही. त्यांना भीती एकाच गोष्टीची. शाळेच्या फाटकाशी बोर्डाच्या निकालाचा फळा होता आणि त्यावरचा आकडा खाली आला की संस्थेची मंडळी मीटिंगमध्ये तो मोठ्यानं वाचून दाखवायची. म्हणून चाचणी परीक्षेत जी मुलं कच्ची दिसायची त्यांचा बोर्डाचा फॉर्म शाळाच अडवायची. यादी व्हायची, मीटिंगपुढे यायची, आणि मी वाजायची.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर अशीच यादी आली. दहावीच्या नव्या बोर्ड परीक्षेची ती पहिलीच तुकडी, त्यामुळे सगळे आधीच घाबरलेले. यादीत एक नाव होतं चन्नम्माचं. ही कुंभारी गावची मुलगी, आई बसम्मा विड्या वळायची. नावापुढे लिहिलं होतं, गणित, शून्य. सरांनी वाचलं, नेहमीसारखं विचारलं, आणि टेबलाच्या पार टोकाला बसलेल्या विजयमालाबाई उठू लागल्या. त्या वर्षीच लागलेल्या, अजून कायम न झालेल्या. "सर, ती मुलगी त्या दिवशी..." एवढं त्या बोलल्या. सरांना ऐकू गेलं की नाही देवाला ठाऊक. मला गेलं होतं. पण हात खाली आला आणि मी वाजले.

नंतर खोली रिकामी झाल्यावर बाई टेबलाशी आल्या. गणिताच्या पेपरला पर्यवेक्षक त्याच होत्या. त्या म्हणाल्या, चन्नम्माचा बाक रिकामा होता, तिची आई सिव्हिल हॉस्पिटलात होती, ती पेपरला बसलीच नव्हती तर शून्य कशाचं? सरांनी वही मिटली. "बाई, ठराव झाला. मीटिंगमध्ये बोलायचं होतं ना तुम्ही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तसं मला आजवर कुणी बघितलेलं नाही. चन्नम्मा सोमवारी आली, फळ्यावर लावलेली यादी वाचली आणि घरी गेली. पुन्हा आली नाही. आईबरोबर विड्या वळायला बसली, एवढं रावजीच्या बोलण्यातून कळलं. तेव्हापासून माझ्या आवाजात मलाच काहीतरी खटकायला लागलं. वाजायची हौस तशीच होती, पण वाजून झालं की अस्वस्थ वाटायचं.

आता गंमत ऐका. हेच कोनापुरे सर शिक्षकांचे पाठ बघायला वर्गावर जायचे आणि परत येऊन माझ्या शेजारी बसून लॉगबुकात शेरे लिहायचे. विजयमालाबाईंच्या पाठाला त्यांनी शेरा दिला होता: 'समजलं का, असे वर्गास विचारू नये. सर्व मुले हो म्हणतात व शिक्षकास काहीच कळत नाही. नाव घेऊन, नेमके विचारावे. प्रश्नानंतर थांबावे.' अक्षर सुरेख, खाली लाल रेघ. बाईंनी तो शेरा वाचून सही केली आणि सही करताना त्या जरा थांबल्या. मला तेव्हा कळलं नाही का ते.

शहात्तरची दिवाळी झाली. पुन्हा यादी. त्यात आता चन्नम्माची धाकटी बहीण नागम्मा. पुढे लिहिलेलं, हजेरी फार कमी, फॉर्म अडवावा. मीटिंगच्या दिवशी शाळा सुटायच्या बेतात होती, खोलीत कुणी नव्हतं. विजयमालाबाई आत आल्या, त्यांनी मला उचललं आणि पदराखाली धरून आपल्या जागेवर जाऊन बसल्या. इतकी वर्षं टेबलावर काढली, पण कुणाच्या मांडीवर मी पहिल्यांदाच गेले.

मंडळी जमली. सरांनी यादी वाचली. "कुणाला काही विचारायचंय? कुणाची हरकत नाही ना?" आणि हात आपटला तो नुसत्या लाकडावर. त्यांनी डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, वहीखाली बघितलं. दारातल्या रावजीला विचारलं. तो म्हणाला, "सकाळी पुसून हितंच ठिवली होती की सायेब." मग नाइलाजानं सरांनी मान वर केली. मला वाटतं, पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न विचारल्यावर माणसांकडे बघितलं असेल.

कुणी बोलेना. पंखा गरगरत होता. मी पदराखाली कासावीस झाले होते. एवढी शांतता मला सोसत नाही, ती मोडायलाच तर माझा जन्म. बाईंनी बोंडावर तळवा घट्ट दाबून धरला होता. मग त्या उठल्या, पदर बाजूला केला आणि मला सगळ्यांसमोर धरलं.

"घंटी माझ्याकडे आहे, सर. मीटिंग झाली की देते."

हिंदुराव सर खोकले. सरांचा चेहरा लाल झाला. आता बाईंची नोकरी जाते, असंच मला वाटलं. पण त्यांनी लॉगबुक आणलं होतं. त्यांनी ते उघडून सरांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हा शेरा तुम्ही मला दिलाय. वर्गात मी पाळते. इथंही पाळू या का?"

सरांनी स्वतःचं अक्षर वाचलं. बराच वेळ वाचलं, जणू दुसऱ्या कुणी लिहिलं होतं. रागावतील, वही फेकतील, काहीही होईल असं वाटत असताना ते हळूच म्हणाले, "मग कसं विचारू?"

"नागम्मा तुमच्या तासाला असते का, एवढंच विचारा. एकेकाला. आणि आधी नव्या शिक्षकांना विचारा, सर. मोठे बोलून गेले की आम्ही नुसत्या माना हलवतो."

सरांनी विचारलं. आधी सगळ्यांत नव्या, चित्रकलेच्या शिक्षकाला. तो गांगरला. सर थांबले. मी आतल्या आत मोजत होते. अखेर तो म्हणाला, असते की, दर बुधवारी असते, चौथ्या तासाला. मग भूगोलाचे सर म्हणाले, ती पुढच्या बाकावर बसते. गणिताच्या सरांनी तिला गुरुवारीच फळ्याशी उभं केलं होतं. हिंदुराव सर म्हणाले, "लेझमीला रोज असती. गैरहजर कोन म्हनतं?" हजेरी घेणारे वर्गशिक्षक तेवढे गोंधळून बघत राहिले. ते पहिल्याच तासाला नावं पुकारायचे आणि पहिल्या तासाला ती खरंच नसायची.

कारण कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी रावजीला विचारलं. यादीतल्या नावाबद्दल शिपायाला विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. रावजी म्हणाला, "सायेब, ती रोज सकाळी आईच्या इड्या कारखान्यात देऊन येती. आईला दिसत न्हाय आता. तिथली रांग सुटली की पळतच येती. फाटक मीच उघडतो की."

म्हणजे प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. सगळे त्याच खोलीत दर शनिवारी बसत होते आणि मी त्यांना जोडू देत नव्हते. मला त्या क्षणी लाज वाटली, आणि खरं सांगते, तरीही वाजावंसं वाटत होतं. नागम्माचं नाव यादीतून गेलं. मीटिंग दोन तास चालली. हिंदुराव सरांची एस.टी. चुकली, पण ते कुरकुरले नाहीत. बाईंनी मला परत टेबलावर ठेवलं. सरांनी वहीतलं शुक्रवारी लिहिलेलं पान खोडलं आणि स्वतःच्या हातानं नवीन लिहिलं.

त्यानंतर मी फक्त रावजीला बोलवायला वाजू लागले. मीटिंगमध्ये सर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. कधीकधी त्यांची बोटं वळवळतात, माझंही बोंड शिवशिवतं, आणि आम्ही दोघं एकमेकांना आवरतो.

यंदा, सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये, निकाल लागला. नागम्मा पास झाली. गुणपत्रिका न्यायला ती आली तेव्हा तिच्याबरोबर चन्नम्मा होती. बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालेली, नजर खाली. सरांनी नागम्माच्या हातात कागद दिला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते चन्नम्माकडे वळले. "त्या वर्षी गणिताच्या पेपरला काय झालं होतं, चन्नम्मा?"

आणि ते थांबले. खरोखर थांबले. व्हरांड्यातली घंटा होऊन गेली, मुलांचा गलका उठला आणि विरला.

"तवा इचारलं असतं तर सांगितलं असतं की, सर," चन्नम्मा म्हणाली. "आता काय सांगू?"

आवाज चढवला नाही, रडली नाही. सर उभे राहिले. चूक माझी होती, असं ते म्हणाले, पण फार हळू. विजयमालाबाईंनी कपाटातला कोरा फॉर्म काढला, शाळेबाहेरून परीक्षेला बसण्याचा, सतरा नंबरचा. सरांनी तो पुढं सरकवला नाही. बसणार ना, असंही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुला काय करायचंय?"

ती फॉर्मकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, बहिणीचा हात धरला आणि म्हणाली, "इचार करून सांगते." सर म्हणाले, "मी थांबतो."

त्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. तो कोरा फॉर्म टेबलावरच आहे. पंख्यानं उडू नये म्हणून सरांनी मला त्याच्यावर ठेवलंय, आणि रावजीला ते आता तोंडानं हाक मारतात. फॉर्म भरायची तारीख जवळ येत चालली आहे. दारात पाऊल वाजलं की सर मान वर करतात आणि माझ्या पोटातला हातोडा थरथरतो. कधी रावजी असतो, कधी डाक असते.

माणसांनो, तुमच्याही टेबलावर माझी एखादी बहीण असेल. तिचा दोष नाही, हात तुमचाच असतो. प्रश्न विचारलात तर उत्तर येईपर्यंत तो हात मांडीवर ठेवा. थांबणं किती कठीण आहे ते मला विचारा. चन्नम्माचं नाव लिहायची जागा माझ्याखाली कोरी आहे, आणि मी ती धरून बसले आहे.