चार बोटांचं माप

धाकट्या जावेची, हर्षालीची बोटं भेंडीसारखी होती, आणि झुंबरबाईला ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, दोन लेकरांची आई झाली, तरी बोटं तशीच लांब, कोवळी. झुंबरबाईची बोटं म्हणजे आल्याचे तुकडे. सकाळी मूठ मिटायची तर देवाचं नाव घ्यावं लागे.

पण बारा वर्षं तलावावर राज्य होतं ते याच बोटांचं.

निफाडच्या पुढं, द्राक्षबागांच्या मधोमध हा तलाव. भोयांची तीस घरं त्याच्यावर जगतात. आषाढ-श्रावणात मासा अंड्यावर असतो म्हणून मासेमारी बंद, ती उघडते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी प्रत्येकानं आपलं जाळं बांधावर आणायचं आणि नेमलेल्या बाईनं जाळ्याच्या एका घरात चार बोटं घालून बघायची. बोटं मुळापर्यंत गेली तर जाळं पाण्यात. अडकली तर जाळं बाभळीला टांगायचं, आणि मालकानं गौरी जेवेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. बारीक घरात पिल्लं अडकतात, आणि औंदा पिल्लं खाल्ली की पुढच्या साली चटणी खायची. सोसायटीच्या कपाटात मोजपट्टी होती, नाही असं नाही. पण पट्टीशी वाद घालता येतो, बाईच्या हाताशी येत नाही.

हा मान सासूचा, अंबूबाईचा. ती गेल्यावर तो झुंबरबाईकडे आला. पण गेल्या दोन वर्षांत सांधे सुजले आणि बाभूळ जाळ्यांनी वाकायला लागली. गेल्या साली निम्मं गाव काठावर बसून माशा मारत होतं.

म्हणून आषाढात सोसायटीचा चेअरमन बारकू घरी आला. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "वहिनी, तुमचा हात लय दुखतो म्हणत्यात. औंदा हर्षाली वहिनीला बघू द्या."

"माझा हात दुखतो का तुमचं पोट?" झुंबरबाई म्हणाली. पण ठरवून आलेल्या माणसाला काय सांगणार.

तिला सगळं दिसत होतं. भेंडीची बोटं कुठल्याही घरातून जातील, म्हणून तर ती निवडली. आणि ही नामपूरची पोरगी, अजून बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' येतं, ती मान डोलावून हो म्हणाली. त्या दिवसापासून गावाला हर्षालीच्या हातापलीकडं काही दिसेना. पोळ्याच्या बैलांना रंग कोणी दिला, हर्षालीनं. कालवण कुणाचं, हर्षालीचं. झुंबरबाईचा नवरा सावळीराम, ज्यानं तीस वर्षांत बायकोच्या कालवणाला 'बरं हे' याच्या पुढं काही म्हटलं नव्हतं, तो एका रात्री वाटी चाटून म्हणाला, "धाकटीच्या हाताला चव हे."

"मग हातच खा तिचा," झुंबरबाई म्हणाली आणि पातेलं उचलून नेलं.

त्यात हर्षाली एक दिवस गरम केलेला निर्गुडीचा पाला घेऊन आली. झुंबरबाईचा हात मांडीवर घेतला, पाला लावून चिंधी गुंडाळली. "दुखस का, आक्का?" मान घेतला आणि वर मलमपट्टी करायला आली. दुसऱ्या दिवशी येऊन चिंधी सोडली, चार बोटं जुळवून त्यांना सुती दोऱ्याचा एक वेढा दिला, गाठ मारली आणि अंगठीसारखा दोरा ओढून काढला. "सूज किती उतरते ते बघू," म्हणाली. हात खरंच हलका झाला होता. त्याचाच झुंबरबाईला जास्त राग आला.

त्याच हलक्या हातानं तिनं जाळं विणायला घेतलं. मागच्या खोलीत, दार लावून. घर असं बेतलं की हर्षालीची बोटं सरळ जातील आणि स्वतःची दुसऱ्या पेरावर अडकतील. बेत सोपा होता. सगळ्यांदेखत हर्षालीनं जाळं पास करायचं, मग आपण त्याच घरात आपला हात घालून दाखवायचा आणि विचारायचं, हेच का तुमचं नवं माप? अख्खा श्रावण ती विणत राहिली. एकेक गाठ आवळताना कळ कोपरापर्यंत जायची, पण मनाला बरं वाटायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांधावर सगळे जमले. बापेमाणसं खुशीत होती. बारकूनं आपलं जाळं पहिलं पुढं केलं, आणि ते बघूनच झुंबरबाईला कळलं की औंदा सगळ्यांनीच घरं बारीक केली आहेत.

हर्षालीनं पदराची गाठ सोडली. आतून चिंधी निघाली आणि तो दोरा. ती आपल्या चार बोटांवर चिंधी गुंडाळत गेली, गुंडाळत गेली, आणि वरून दोऱ्याचं कडं चढवून बघितलं. घट्ट बसलं तेव्हा थांबली.

"हे काय सोंग?" बारकू म्हणाला.

"माप आक्कांचं शे," हर्षाली म्हणाली. "त्यांची बोटं सुजल्यापासून मासा किलोवर गेला. आधी पावशेराचे यायचे. मी हिशेबात कच्ची असेन, भाऊजी, पण मासे विकते मीच."

बारकूचं जाळं अडकलं. त्याच्यामागचं अडकलं. एकदोघं गुपचूप घराकडं वळले.

झुंबरबाईनं काखेतलं बोचकं पदराआड सरकवलं. तेवढ्यात सावळीराम, भोळा सांब, मोठ्यानं म्हणाला, "आमच्या हिनं औंदा नवं विणलंय. दार लावून विणलंय. दाखव की."

बोचकं सुटलं. हर्षालीनं हात घातला. दुसऱ्या पेरावर अडकला.

हर्षाली जाळ्याकडं बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "हात दुखत असंल, आक्का. वीण आवळली गेली."

ती वाट मोकळी करून देत होती, आणि तेच झुंबरबाईला सोसलं नाही. चोरी पकडली असती तर चाललं असतं.

"गेली नाय, मी आवळली," ती म्हणाली. "तुझ्या बोटांसाठी. तू पास करशील आन् मी चारचौघांत तुला खोटी पाडीन, म्हणून."

मग तिनं जाळं उचललं आणि स्वतःच्या हातानं बाभळीला टांगलं. बारकू हसायला लागला होता, पण शेजारीच त्याचंही जाळं लोंबत होतं.

गौरी जेवेपर्यंत झुंबरबाई बांधावर बसून ते जाळं उसवत राहिली. पाण्यात हर्षालीचा नवरा जुनंच, मोठ्या घरांचं जाळं ओढायचा आणि हर्षाली काठावर मासे निवडायची. एकेक रोहू असा की टोपलीत वाकडा ठेवावा लागे. झुंबरबाईला ते बघवत नव्हतं, आणि ती सारखं तेच बघत होती.

आठव्या दिवशी हर्षाली जवळ येऊन उभी राहिली. ओल्या पदराला तो दोरा तसाच बांधलेला.

"तो इकडं दे," झुंबरबाई म्हणाली. "अक्कल नाय तुला. सुती दोरा भिजला की आटतो. माप बारीक होतं. दर साली नवा घ्यावा लागंल."

"म्हणजे दर श्रावणात निर्गुडी घेऊन येऊ?"

"ये म्हणले नाय मी," झुंबरबाईनं एक गाठ दातानं तोडली. "दोरा आटतो म्हणले."