टोचणारीचं तोंड

जयसिंगच्या टाचेत कुसळ गेलं ते मंगळवारी दुपारी. त्याच्या बापानं, गेनूनं, कंपनीतली मोडकी खोकी आणून त्यांच्या फळ्यांचं एक बाकडं ठोकलं होतं. रंधा मारायचा राहिला होता. अडीच वर्षांचा जयसिंग त्यावर चढला, घसरत उतरला आणि ओरडला. घरात आत्या होती. कुशाबाईनं पाय उलटा करून बघितला. टाचेच्या मांसात नखाएवढी काळी रेघ दिसत होती. बाहेरचं टोक मोडलं होतं.

तिनं रात्री गूळ-हळद गरम करून बांधली. बुधवारी पोरगा चवड्यावर चालला. गुरुवारी सकाळी टाच लाल होऊन तापली होती आणि तो पायाला कुणाला हात लावू देत नव्हता. हात पुढे आला की बाकड्याखाली शिरत होता.

ही मार्च १९७७ मधली गोष्ट. काळेवाडीतल्या त्या एका खोलीत चार माणसं राहत. गेनू चिंचवडला एका कारखान्यात मशीनवर होता. त्याची बायको सरूबाई पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जात होती, टेंपररी. मे महिन्यात पर्मनंट होणार असं सुपरवायझर बाईंनी सांगितलं होतं. आणि गेनूची थोरली बहीण कुशाबाई. तरुणपणीच नवरा वारला आणि दिरांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी निघोज्याला थोरला भाऊ तात्याबा होता. त्याच्या बायकोनं तिला गोठ्याशेजारी जागा दिली आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते द्यायला सुरुवात केली. जयसिंग चार महिन्यांचा असताना सरूबाईला नोकरी लागली, तेव्हा गेनू बहिणीला घेऊन आला. पोर सांभाळायला माणूस हवं होतं. कुशाबाईला हे नीट ठाऊक होतं. पोर आहे तोवर ती आहे.

तिनं पोर सांभाळलं. इतकं, की संध्याकाळी आई दारात आली तरी तो आत्याच्या मांडीवरून उठत नसे. आईला तो ‘सलू’ म्हणायचा, कारण आत्या तिला सरू म्हणायची. शेजारच्या गोजाबाईला याची मोठी गंमत वाटे.

“काय गं सलू, आज पोरानं वळखलं का?” असं ती रोज नळावर विचारायची. बायका हसायच्या. सरूबाईही हसायची.

गुरुवारी सरूबाईनं रजा काढली होती. गेनू पहिल्या पाळीला गेला होता. कुशाबाई म्हणाली, “सरू, दवाखान्यात नेऊ या का?”

“तिथं चौघं धरून कापत्याल,” सरूबाई म्हणाली. “तुमीच काढा की वन्सं. निघोज्यात तुमच्या हाताची ख्याती हाय म्हणं.”

ते खरं होतं. कुशाबाईनं वीस वर्षं गावातल्या पोरांचे काटे काढले होते. तिची एक रीत होती, तिच्या आईकडून आलेली. पोराचं डोकं आईच्या मांडीवर घ्यायचं आणि आईनं पोराच्या तोंडावर पदर टाकायचा. टोचणाऱ्या बाईनं तोंडातून अक्षर काढायचं नाही, कारण पोर आवाज ओळखतं. काटा निघाला की तिनं बाहेर निघून जायचं आणि घटकाभरानं कुठून तरी लांबून आल्यासारखं यायचं. “कुणी टोचलं माझ्या राजाला?” असं विचारायचं. मग सगळ्यांनी मिळून कावळ्याला शिव्या द्यायच्या. निघोज्यातली अर्धी पोरं तिच्या सुईखालून गेली होती आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. टोचणारीचं तोंड पोराला दिसू द्यायचं नाही, एवढाच नियम. दिसलं तर पोर ते विसरत नाही.

कुशाबाईनं हे सगळं सरूबाईला समजावून सांगितलं. मग म्हणाली, “न्हाईतर तू टोच. मी मांडीवर घेते.”

“माझा हात कापतो वन्सं.”

सरूबाई दिवसाला हजारावर इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या खोक्यात भरत असे. दोन वर्षांत तिच्या हातून एक फुटली नव्हती. कुशाबाईनं तिच्या हातांकडे बघितलं आणि सुई शोधायला उठली.

अकराच्या सुमाराला दारात चांगलं ऊन आलं. सुई दिव्यावर धरून झाली. जयसिंगला बाकड्याखालून काढायला गुळाचा खडा लागला आणि तो आत्यानंच दाखवला. तो तिच्याकडे आला. तिनं त्याला उचलून आईच्या मांडीवर दिलं. सरूबाईनं त्याचे दोन्ही हात एका हातात धरले, दुसऱ्या हातानं पदर त्याच्या तोंडावर ओढला. पोरगा पदराखाली गूळ चोखत होता. कुशाबाईनं त्याचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत आवळला.

पहिल्या टोचण्याला तो ओरडला. “आत्या! आत्या!” त्याला वाटत होतं आत्या दुसरीकडे कुठे तरी आहे आणि येईल. कुशाबाईनं ओठ मिटून कातडी उकरली. थोडा पू आला, मग रक्त. लाकडाचं टोक दिसलं. ते सुईनं वर उचलायचं आणि नखात धरून एका झटक्यात ओढायचं, एवढंच उरलं होतं.

तेव्हा सरूबाईनं पदर काढला.

सरकला नाही. तिनं तो दोन बोटांत धरून उचलला आणि आपल्या खांद्यावर टाकला. मग पोराची हनुवटी धरून त्याचं तोंड पायाकडे वळवलं.

“बघ,” ती म्हणाली. “बघ कोण टोचतंय.”

जयसिंगनं बघितलं. आत्याच्या हातात सुई होती आणि बोटांना रक्त होतं. त्याचं ओरडणं थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला.

कुशाबाईला दोन गोष्टी करता येत होत्या. सुई टाकून त्याला कवेत घेता आलं असतं. मग कुसळ आत राहिलं असतं, आणखी पिकलं असतं, टाच चिरायला डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं. तिनं मान खाली घातली, टोक नखात धरलं आणि ओढलं. अख्खं आलं. पोरगा आता जे ओरडला ते गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं.

“गप रं माझ्या सोन्या,” सरूबाई त्याला छातीशी धरून म्हणाली. “आत्या लई वाईट. आपण हाणू हं तिला.”

कुशाबाई बाहेर जाऊन हात धुऊन आली. “का केलंस सरू?”

“काय केलं? पदर घसरला.”

दोन दिवसांत जखम भरली. पण आत्या खोलीत शिरली की जयसिंग पाय पोटाशी घ्यायचा. तिच्या हातचा घास घेईना. शुक्रवारी आणि शनिवारी सरूबाईनं कामावर जाताना त्याला गोजाबाईच्या दारात ठेवलं. शनिवारी संध्याकाळी गेनू घरी आला तेव्हा पोरगा गोजाबाईच्या शेरडांत बसून मातीत लेंड्या मोजत होता.

“ह्यो हितं का?” त्यानं घरात येऊन विचारलं.

“वन्सांकडं ऱ्हात न्हाई,” सरूबाई म्हणाली. “आता वन्सांना तरी किती दिवस गुतवून ठेवायचं? त्यास्नी बी गावाची याद येत आसंल.”

गेनूनं बहिणीकडे बघितलं. “आक्का, काय झालं?”

“पोराच्या तोंडावर पदर होता. त्यो तिनं काढला.”

“मग?”

“मग पोरानं मला बघितलं.”

गेनू थोडा वेळ थांबला, पुढे काही आहे का म्हणून. पुढे काही नव्हतं. “पदरापायी घर मोडायला निघालाय व्हय तुमी दोघी?” तो हसून म्हणाला आणि पायातले बूट काढायला लागला. बूट काढून झाल्यावर त्यानं निकाल दिला. तो तिथल्या तिथे निकाल देणारा माणूस होता. “सोमवारपत्तुर बघू. पोर आक्काकडं राहिलं तर बरंच. न्हाई राहिलं तर आक्कानं निघोज्याला जायाचं आन् सरू, तू घरी बसायचं.”

“घरी? आवं, मे महिन्यात पर्मनंट करणार हायेत.”

“माझं पोर लोकाच्या दारात शेरडांत न्हाई वाढायचं.”

“गोजाबाई चांगल्या हायेत की.”

“सांगितलं न्हवं.”

सरूबाईनं हे धरलं नव्हतं. तिच्या हिशेबात नणंद जाणार होती आणि नोकरी राहणार होती.

रविवार तिनं पोराला शिकवण्यात घालवला. “आत्या ग्वाड हाय ना? आत्याला पापा दे.” तिनं आत्याच्या हातात गूळ दिला. जयसिंगनं गुळाकडे बघितलं आणि आईच्या मागे गेला. दुपारी तिनं त्याला जबरदस्तीनं कुशाबाईच्या मांडीवर बसवलं. तो तिथेच मुतला.

“धुवा लुगडं वन्सं,” सरूबाई चिडून म्हणाली. “आन् जरा हसा की त्याच्याकडं! असं मढ्यावानी त्वांड केल्यावर कसं येईल पोरगं?”

“हसते,” कुशाबाई म्हणाली, आणि हसली. पोरगा अधिकच रडला.

सोमवारी सकाळी सव्वासहाला गेनू डबा घेऊन निघाला. सरूबाईच्या कंपनीची बस पावणेसातला कोपऱ्यावर यायची. कुशाबाईनं रात्रीच दोन लुगडी आणि तांब्या फडक्यात बांधून ठेवला होता. तात्याबाच्या घरी आपण येतोय हे कुणाला कळवलेलं नव्हतं. कळवलं असतं तर नको म्हणाले असते.

साडेसहाला सरूबाई पोराला कडेवर घेऊन आत्यासमोर उभी राहिली. “जा. आत्याकडं जा.”

जयसिंगनं दोन्ही हात आईच्या गळ्याभोवती घातले. जन्मापासून त्यानं असे हात तिच्या गळ्यात कधी घातले नव्हते. सरूबाईनं एक हात सोडवला, तो परत आला. दुसरा सोडवला. त्यानं तिचे केस धरले.

“सोड,” ती म्हणाली. “सोड मेल्या, बस येईल.” तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यानं आणखी घट्ट धरलं.

“वढू नगं,” कुशाबाई म्हणाली. “हात निखळंल त्याचा.”

“वन्सं, तुमी वढा की त्याला! घ्या की हिसकून! रडंल जरा, मग ऱ्हाईल.”

“म्या न्हाई वढायची.”

“मग जाशीला कुठं? गोठ्यात?”

“व्हय.”

कोपऱ्यावर बस आली. गल्लीतल्या दोन बायका पळत गेल्या. त्यातली एक ओरडली, “सरूबाई, चला!” ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. सरूबाई पोराला घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. बस गेली.

कुशाबाईनं बोचकं काखेला मारलं. तिनं जयसिंगकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तो पुन्हा ओरडला असता. भिंतीला धरून ती दोघांच्या बाजूनं बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर जयसिंगनं आईच्या खांद्यावरून मान वर काढली आणि ती नक्की गेली का, ते बघितलं. मग त्यानं भाकरी मागितली.